यापेक्षा मंद दाखवा

तीर्थरूप ताईंना,

कोपरापासून नमस्कार. (एकाच कोपरापासून. उजव्या अंगठ्याला जाडजूड पट्टी आहे, ती कशाने ते पुढे येईलच. तोवर अक्षर कोंबडीच्या पायांसारखं दिसलं तर समजून घ्या.) तुमची कंबर आता कशी आहे? भावोजींचं सकाळी उठून पळणं अजून चालू आहे का, की तेही कंबरेवर गेलं? इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. म्हणजे होतो, मधे दोनेक आठवडे नव्हतो, आता पुन्हा बऱ्यापैकी आहोत. पत्रास कारण की, काही कारण नाही. उगाच आपली आठवण आली. भावजयीला नणंदेची आठवण उगाच आली हे वाचून तुम्ही डोळे बारीक केले असणार, ते मला इथून दिसतंय. पण खरंच काही मागायला लिहीत नाहीये.

फोन का केला नाही, तर फोन हॉलमध्ये आणि अप्पाही हॉलमध्ये. तुमच्या वडिलांचे कान तुम्हाला माहीत आहेत. समोर उभं राहून ओरडलं तर ‘काय म्हणालीस?’ आणि स्वयंपाकघरात कुजबुजलं की शब्द न् शब्द पोचतो. संगणकावरून लिहावं तर आपला संगणक सध्या एक नाही, दोन आहेत, आणि त्या दोन्हींवर अप्पांची नजर आहे. एकाचे दोन कसे झाले तेच सांगायचंय. सावकाश वाचा. चहा ठेवला असेल तर गॅस बंद करून या.

तर आपला संगणक. अकरा वर्षांपूर्वी भावोजींनी एकाच दुकानातून, एकाच दिवशी, अगदी एकसारखे दोन घेतले, एक तुमच्याकडे, एक आमच्याकडे, तोच. गेली दोनतीन वर्षं तो चालू व्हायला अकरा मिनिटं चाळीस सेकंद घ्यायचा. (हा आकडा तुमच्या बंधूंचा. बस डेपोत वेळापत्रकं आखून आखून त्यांना घरातही प्रत्येक गोष्टीची सुटायची आणि पोचायची वेळ लिहायची सवय झाली आहे. मी माहेराहून किती उशिरा परतते याचाही एक तक्ता आहे.) मी सकाळी बटण दाबायचे, केस धुवायचे, वाळवायचे आणि विंचरून बाहेर आले की तो नुकताच डोळे उघडत असायचा. आमचं चाललं होतं. पण आमच्या दातांच्या लॅबमध्ये आता कवळ्यांची आखणी स्क्रीनवर करायला लागले आहेत. मालक म्हणाले, घरच्या संगणकावर फाइल उघडत असेल तर आठवड्यातून दोन दिवस घरूनच काम करा. दोन दिवस घरून! मी लगेच एका गिऱ्हाइकाचा खालचा जबडा घरी आणला, म्हणजे फाइल आणली, आणि उघडली. जबडा एकेक दात करून येऊ लागला. जेवायला बसलो तेव्हा पुढचे चार आले होते. तुमचे बंधू मधूनमधून उठून बघून यायचे आणि सुळा पोचल्याचं कळवायचे. अक्कलदाढेपर्यंत आम्ही थांबलोच नाही.

मग ठरलं की संगणक आतून नवा करायचा. आतूनच का, तर अप्पांची अट. नवीन आणायचा नाही, खोकं हेच राहिलं पाहिजे. तुम्हाला आठवत असेल, अप्पांनी आपल्या नकाशाखात्यातल्या अक्षरात त्या खोक्याच्या कुशीवर ‘गृहसंगणक’ असं रंगवलंय आणि खाली उत्तर दिशेचा बाण काढलाय. (तो बाण त्यांनी पिठाच्या डब्यावरही काढलाय. आमच्या घरात कोणी हरवणार नाही.) आणि दुसरं म्हणजे, त्यांचं बुद्धिबळ तसंच्या तसं राहिलं पाहिजे. रोज दुपारी चार वाजता ते संगणकाशी एक डाव खेळतात. पहिल्या वर्षी हरायचे, नंतर जिंकू लागले, आणि त्यानंतर म्हणे एकदाही हरलेले नाहीत. तेही ‘उस्ताद’ या सगळ्यात वरच्या पातळीवर, जी स्क्रीनच्या माथ्यावर लाल अक्षरांत लिहिलेली असते. ‘मी उस्तादला रोज हरवतो’ हे वाक्य पोस्टमनपासून डोळ्यांच्या डॉक्टरपर्यंत सगळ्यांना पाठ आहे. मी म्हटलं, अप्पा, काळजी नको, तुमचं बुद्धिबळ जसंच्या तसं उचलून नव्या डिस्कवर ठेवते. आणि ठेवलं. सगळी गोची तिथेच झाली.

पण आधी तो रविवार सांगू द्या, कारण असा रविवार आमच्या घरात लग्नानंतर पहिल्यांदा आला. जेवणाच्या टेबलावर जुनी चादर घातली. मी लॅबमधली माझी सगळी हत्यारं मांडली, चिमटे, मेणाच्या सुऱ्या, बारीक ब्रश, दातांत अडकलेलं काढायचा तो वाकडा आकडा. खोकं उघडलं तर आत धुळीची चांगली गोधडी. त्या गोधडीत तुमच्या बंधूंच्या निळ्या शर्टाचं बटण सापडलं, जे मी इस्त्री करताना हरवलं असा माझ्यावर सहा वर्षं आरोप होता. (ते बटण आत कसं गेलं यावर चर्चा झाली नाही. मी मात्र ते आता देवासमोर ठेवावं तसं कपाटावर ठेवलंय.) नव्या मदरबोर्डबरोबर जे पुस्तक आलं त्यात नऊ भाषा होत्या आणि त्यातली एकही आमची नव्हती, म्हणून तुमच्या बंधूंनी मला चित्रं वाचून दाखवली. ‘इथे एक हात आहे. हाताला बाण आहे. आता हातावर फुली आहे.’ फुली कशावर आहे, हातावर की बाणावर, यावरून आमचं वाजलं. दुसरीकडे त्यांची वहीही चालूच, दहा चौदाला जुना पंखा सुटला, दहा एकतीसला जुना प्रोसेसर सुटला.

आता प्रोसेसर म्हणजे संगणकाचा मेंदू, बिस्किटाएवढी चकती. त्यावर पंखा बसवायच्या आधी एक राखाडी मलम लावायचं असतं, उष्णता वाहून न्यायला. किती लावायचं ते त्या पुस्तकात बहुधा होतं, पण मी वीस वर्षं दातांच्या लॅबमध्ये काम करते, मला मलम लावायला कोणी शिकवावं? जबड्याचा साचा घेताना कसं, पाळं लगद्याने काठोकाठ भरायचं, दाबायचं, चहूबाजूंनी बाहेर आलं की समजायचं नीट बसलं, आणि दोन मिनिटं हलू द्यायचं नाही. तसंच केलं. अख्खी नळी पिळली. पंखा दाबला आणि सवयीने म्हणाले, ‘हं, आता चावून धरा.’ मलम चारी बाजूंनी बाहेर आलं, मी समाधानाने बघत राहिले. मग तुमच्या बंधूंनी पुढचं पान उलटलं आणि हळूच म्हणाले, ‘इथे मटारच्या दाण्याएवढा ठिपका दाखवलाय.’ ती घाण ब्रशने काढता काढता तास गेला. (वहीत नोंद आहे. एक तास सहा मिनिटं. ‘अनियोजित थांबा’ अशी.)

सगळं बसवून बटण दाबलं तर ढिम्म. पुन्हा सोडवलं, पुन्हा बसवलं, ढिम्म. तिसऱ्यांदा मी बाह्या सरसावल्या तेव्हा पेपरामागून अप्पा म्हणाले, ‘मागचं छोटं बटण वर आहे का खाली?’ खाली होतं. ते वर केलं आणि ताई, काय सांगू, एकोणीस सेकंद! अकरा मिनिटं चाळीस सेकंदांवरून एकोणीस सेकंद. आम्ही तो चौदा वेळा बंद केला आणि चौदा वेळा चालू केला, नुसता बघायला. जबडा उघडला तर अक्कलदाढांसकट खालचे सोळा दात एकदम हजर. तुमच्या बंधूंनी आनंदाच्या भरात मला उचलायचा प्रयत्न केला आणि पाठीत काहीतरी वाजल्यावर अर्ध्यावर ठेवलं. लग्नाला चोवीस वर्षं झाली, दिवसभर एकाच टेबलाशी बसून आम्ही इतकं कधी हसलो नव्हतो. चार वाजले आणि अप्पा खुर्ची ओढून बसले.

तेवीस चालींत हरले.

आम्हाला काही वाटलं नाही. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाले, ‘आज लक्ष नव्हतं.’ दुसऱ्या दिवशी एकोणीस चालींत. तिसऱ्या दिवशी नवव्या चालीला वजीर गेला. त्या दिवशी ते पटापुढून उठले, कपाटातून शाई आणि बोरू काढला आणि घरातल्या प्रत्येक बटणाखाली सुबक अक्षरांत चिठ्ठी लावली. पंखा. दिवा. बाहेरचा दिवा. मी विचारलं, अप्पा, हे कशाला? म्हणाले, पुढेमागे लागेल. मग ते एकोणतीसचा पाढा म्हणायला लागले, आधी सुलटा, मग उलटा. तुमच्या बंधूंना बोलावून घराची कागदपत्रं कुठल्या कप्प्यात आहेत ते दाखवलं आणि म्हणाले, ‘माझं डोकं जायला लागलं की मला स्पष्ट सांगा. मला स्वतःला कळणार नाही.’ ताई, मी तेव्हा स्वयंपाकघरात होते. मला रडू आलं, आणि कांदा चिरत नव्हते त्यामुळे ते कोणावर ढकलताही येईना.

डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी तारीख विचारली, वार विचारला, शंभरातून सात-सात वजा करायला सांगितले. अप्पा वजा करत इतके पुढे गेले की डॉक्टर मागे पडले आणि म्हणाले, पुरे. ठणठणीत आहेत म्हणाले. घरी आल्यावर रिक्षातून उतरताना अप्पा म्हणाले, ‘डॉक्टर बुद्धिबळ खेळत नाही. त्याला काय कळणार?’

पाचव्या दिवशी मला वाटलं, बुद्धिबळ उचलून ठेवताना माझ्याच हातून काही वाकडं झालं असेल. म्हणून संगणकवाल्याच्या दुकानात गेले. (जाड भिंगांचा चष्मा, गळ्यात स्क्रू ड्रायव्हर, तुम्ही पाहिलाय.) त्याने सगळं ऐकून घेतलं, एक प्रश्न विचारला, प्रत्येक चालीला संगणक किती वेळ विचार करतो? मी म्हटलं, दहा सेकंद, आधीही आणि आताही. तो हसायला लागला. चष्मा काढून हसला. म्हणाला, ‘बाई, आधीचा प्रोसेसर मठ्ठ होता. त्याला दहा सेकंदांत चार चाली पुढचं दिसायचं. आताच्याला त्याच दहा सेकंदांत चौदा दिसतात. सासरे होते तिथेच आहेत. समोरचा हुशार झाला.’

म्हणजे बघा. मी संगणक वेगवान केला, आणि त्याचं फळ अप्पांना. मी धावत घरी आले, तुमच्या बंधूंना जिन्यातच गाठलं आणि सांगितलं. त्यांचा जीव भांड्यात पडला, माझाही पडला, आणि दोघांचेही पाचव्या पायरीवर पुन्हा बाहेर आले. कारण अप्पांना सांगायचं काय? तुमचं डोकं शाबूत आहे, अप्पा, फक्त तुम्ही दहा वर्षं ज्याला हरवत होतात तो उस्ताद नव्हताच, एक मठ्ठ खोकं होतं? डोकं गेलं असं वाटणं वाईट, की जिंकलेलं सगळं पोकळ होतं हे कळणं वाईट? जिन्यात उभं राहून आम्ही अर्धा तास भांडलो. (अठ्ठावीस मिनिटं.) खेळाची पातळी खाली आणता येईल म्हणावं तर ते माथ्यावरचं लाल ‘उस्ताद’ जाऊन तिथे ‘होतकरू’ येतं. अप्पांना होतकरू दाखवायची तुमची हिंमत असेल तर या आणि दाखवा. माझी नाही.

शेवटी ठरलं, संगणक पुन्हा मठ्ठ करायचा. पण माझे जबडे मठ्ठावर उघडत नाहीत. म्हणून दोन करायचे. नवं सगळं एका नव्या खोक्यात, ते लॅबचं, आणि जुन्या खोक्यात जुनंच सगळं पुन्हा, ते अप्पांचं. जुने भाग मी बिस्किटांच्या डब्यात ठेवले होते. (तुमचे बंधू म्हणतात टाकून दे, टाकून दे. आता बोला.) सगळं काढलं, मांडलं, आणि दुसरा रविवार सुरू झाला. हा अंगठा त्याच रविवारचा. जुन्या खोक्याच्या पत्र्याची कड माझ्या चुलत सासूबाईंच्या जिभेसारखी आहे, लागल्यावर तासाने कळतं. पण खरा घोळ प्रोसेसरचा झाला. जुन्या प्रोसेसरच्या पोटाखाली शेकडो बारीक पिना असतात आणि डब्यात आदळून त्यातल्या सातआठ वाकल्या होत्या. दुसरी कोणी असती तर घाबरली असती. मी मात्र खूश झाले, कारण कवळीच्या तारा सरळ करणं हे माझं रोजचं काम. चिमट्यात धरायची, थोडी पुढे, थोडी मागे, आणि चुटकीसरशी सरळ. पाच पिना सरळ केल्या. सहावी चिमट्यातच राहिली. म्हणजे सरळ झाली होती, पण प्रोसेसरला नव्हती.

ती पिन रुमालात बांधून मी पुन्हा त्या संगणकवाल्याकडे. म्हटलं, हा प्रोसेसर द्या. म्हणाला, हा आता मिळत नाही, यापेक्षा चांगला दाखवतो. मी म्हटलं, यापेक्षा वाईट दाखवा. त्याला ऐकू आलं नाही असं वाटून पुन्हा म्हटलं, मंद दाखवा, त्यातल्या त्यात मंद. दुकानातले सगळे वळून बघायला लागले. त्याने एक दाखवला, मी विचारलं, हा किती मंद आहे? म्हणाला, तसा वेगवानच आहे. मी म्हटलं, नको. दुसरा? तोही वेगवान. मी म्हटलं, काय हो, एवढं मोठं दुकान आणि एक मठ्ठ माल नाही? बिचारा शिडी लावून माळ्यावर चढला, तिथे एका पोत्यात डोकं घालून बराच वेळ शोधलं आणि धुळीने पांढरा होऊन उतरला. म्हणाला, आपल्या जुन्या बोर्डावर बसेल असा हाच एक, पण आधीच्याच्या दुप्पट आहे, माफ करा. वेग जास्त म्हणून गिऱ्हाइकाची माफी मागणारा दुकानदार मी पहिल्यांदा पाहिला.

तो बसवला. अप्पांना सांगितलं, लॅबची फाइल गुप्त असते, दुसऱ्या कोणी त्या संगणकाला हात लावायचा नाही असा नियम आलाय, म्हणून तुमचा तुम्हाला परत. अप्पांनी दोन्ही खोक्यांकडे पाहिलं, माझ्या अंगठ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, ‘बरं.’ एवढंच. चार वाजता बसले. आम्ही दोघं स्वयंपाकघराच्या दाराआड कान लावून. पाच वाजले, सव्वापाच झाले, संपता संपेना. एकसष्ट चालींनी पटावर दोन राजे आणि एकेक प्यादं उरलं, आणि अप्पा म्हणाले, ‘बरोबरी.’

दुसऱ्या दिवशी बरोबरी. तिसऱ्या दिवशी बरोबरी. आज आठ दिवस झाले, रोज बरोबरी. डाव संपला की छताकडे बघत बसतात आणि तळहात एकमेकांवर चोळतात. आम्ही कामावर गेल्यावर जुन्या डावांच्या वह्या काढून बसतात असं शेजारीण सांगत होती. जिंकायचे ते दिवस आठवत असतील. एक माणूस रोज चार वाजता एक डाव जिंकत होता, त्यात कोणाचं काय जात होतं? आणि मी माझ्या दोन दिवसांच्या सोयीसाठी त्याला तिथून उठवलं. अजून जेवताना मधेच एकोणतीस सत्ते म्हणून थांबतात, आणि मी घास तोंडात तसाच ठेवून दोनशे तीनची वाट बघते.

असो. बाकी सर्व क्षेम. तुमच्या कंबरेला गरम पाण्याची पिशवी लावत जा, आणि भावोजींना म्हणावं, पळायचं असेल तर पळा, पण परत या. मोठ्यांना नमस्कार, लहान आता तुमच्याकडे कोणी राहिलं नाही, म्हणून आशीर्वाद तुम्हीच ठेवून घ्या.

तुमची,
दातवाली वहिनी

ता. क. पत्र पाकिटात घालता घालता सहज आठवलं. अकरा वर्षांपूर्वी भावोजींनी दोन एकसारखे घेतले होते, नाही का? म्हणजे तुमच्या बैठकीत जो आहे त्याच्या आत अगदी तस्साच मठ्ठ प्रोसेसर असणार. तो मला पाठवता का?

ता. क. २. घाबरू नका, सोपं आहे. भावोजी पळायला गेले की वायर काढा आणि खोकं आडवं करा. कुशीचे दोन स्क्रू, मग पंख्याचे चार. पंखा हळूच, डावी-उजवीकडे गोल फिरवत उचला, जोर लावायचा नाही, दुधाचा दात काढतो तसं. खाली चकती दिसेल, बाजूची बारीक दांडी वर केली की ती आपोआप सुटते. पिनांना हात लावू नका. वाकल्या तर सरळ करू नका. साबणाच्या डबीत कापूस घालून पाठवा. ती आली की आमच्या पोत्यातला मी तुम्हाला पाठवते, तो दुप्पट वेगवान आहे. तोवर भावोजींनी विचारलं तर संगणकालाही विश्रांती लागते म्हणून सांगा. पुढे तो भरभर चालायला लागला की त्यांना वाटेल, पळण्याचा परिणाम.

ता. क. ३. अप्पांना यातलं काहीही कळता कामा नये. पत्र मी स्वतः पेटीत टाकणार आहे.

ता. क. ४. चि. चिमणीस अनेक आशीर्वाद. हे अक्षर तू ओळखशील. सुनेने पाकीट चिकटवून टेबलावर ठेवलं आणि ती आंघोळीला गेली. नकाशाचे कागद चिकटवणं आणि सोडवणं हे काम मी छत्तीस वर्षं केलं आहे. केटलीच्या वाफेवर दीड मिनिट लागलं.

तिने लिहिलंय ते सगळं खरं आहे, फक्त थोडं मागे राहिलं आहे. पहिले तीन दिवस मी घाबरलो होतो, यात शंका नाही. चौथ्या दिवशी दोघं कामावर गेल्यावर जुनी वही काढली आणि सात वर्षांपूर्वीचा एक डाव चालीमागून चाल तसाच खेळलो. सहाव्या चालीला यंत्राने वेगळं उत्तर दिलं. दुसरा डाव लावला, पाचव्याला वेगळं. असे पाच डाव तपासले. मी तोच होतो, तो बदलला होता. मग निवांत चहा केला. चिठ्ठ्या काढल्या नाहीत, कारण अक्षर चांगलं आलं आहे. पाढा मात्र आता सवयीने येतो.

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण मी सांगायला गेलो, तर दोघं जिन्यात उभी राहून माझ्यासाठी भांडत होती. मग रविवारभर एका खोक्यात दोघांची डोकी आणि हसण्याचे आवाज. म्हटलं, होऊ दे. लॅबच्या नव्या यंत्रावर मी रोज पहाटे, दोघं उठायच्या आत, खेळतो. (तुझा भाऊ परवलीचा शब्द टाइप करताना मोठ्याने म्हणतो.) रोज हरतो. काल एक्केचाळीस चाली टिकलो.

आता काम ऐक. चकती पाठवू नकोस. तुझ्या नवऱ्याचा संगणक उघडू नकोस, तुझी कंबर बरी नाही. तिला लिही की आमचा आतून वेगळा निघाला. ते जुनं यंत्र मला हरवू शकत नाही हे मला सातआठ वर्षांपूर्वीच कळलं होतं. तरी चार वाजता बसायचो, कारण मी जिंकलो म्हटलं की घर निर्धास्त होऊन कामाला लागायचं. हे पोत्यातलं बरोबरीचं आहे. त्याच्यासमोर मला खरोखर विचार करावा लागतो, आणि संपल्यावर तळहात चोळावेसे वाटतात. ते माझ्याकडून जाऊ देऊ नकोस.

तिला मी उद्यापासून ‘जिंकलो’ असंच सांगेन. ती पटाकडे बघत नाही, माझ्या तोंडाकडे बघते. इतकी वर्षं जिंकल्यावर मला तोंड हसरं करावं लागायचं. आता करावं लागत नाही. तेवढं तिला पुरेल.

अप्पा